शेणाचं विरजण

कवठे येमाईच्या शिवारात, विहिरीच्या वरच्या अंगाला शितलने पाहुण्यांसाठी तीन खोल्या बांधल्या. नवरा सत्यजीत रांजणगावच्या कंपनीत शिफ्टला जायचा, त्यामुळे खोल्यांचा सगळा कारभार तिचा आणि सासू साळूबाईंचा. प्यायला माठातलं पाणी, अंघोळीला तुरीच्या काड्यांवर तापलेला बंब. अंघोळीचं पाणी केळींना जायचं. स्वयंपाक गोबरगॅसवर, आणि त्या टाकीला शितलने गोठ्याबरोबर खोल्यांचे संडासही जोडले होते.

त्यावरूनच भावकीतल्या मारुतरावांनी तिच्या घरचा चहा सोडला. त्यांची वस्ती ओढ्यापलीकडे. गोबरगॅस त्यांच्याकडेही होता, पण निव्वळ गाईंच्या शेणाचा. "आमच्यात असलं चालत न्हाई," ते म्हणाले, आणि तेव्हापासून काही बोलायचं झालं तर बांधावर उभं राहूनच बोलायचे.

या मार्चमध्ये पुण्याच्या एका सोसायटीतल्या चौदा जणांनी खोल्या घेतल्या. त्यांनाही आपल्या आवारात असा गॅस करायचा होता. करावा की नाही, हे शितलची टाकी बघून ठरणार होतं. हे कळल्यापासून शितलला घास गोड लागत नव्हता. ते यायला अठरा दिवस उरले असताना शेगडीची ज्योत बारीक झाली आणि दोन दिवसांत विझलीच. टाकीवर तरंगणारा लोखंडी ड्रम पार खाली बसला.

तिने नळी तपासली, शेणपाण्याचं माप पाहिलं. शेवटी टाकी बसवून देणाऱ्या हौशीराम मिस्त्रीला फोन लावला.

"आत फिनेल, ॲसिड असलं काही गेलंय का ताई? आतले जंतू मेले की गॅस बंद."

"नाही हो. आम्ही संडास राखेने घासतो."

शेजारी बाजरी निवडत बसलेल्या साळूबाईंनी सूप खाली ठेवलं. उठून गवऱ्यांच्या ढिगामागून ॲसिडच्या दोन रिकाम्या बाटल्या काढल्या.

"मीच टाकलं," त्या म्हणाल्या. "शहरातली माणसं येणार. कुठं डाग दिसला तर नाव तुझं जाणार. म्हणून चार रोज चांगलं घासून काढलं."

शितलच्या तोंडावर बरंच काही आलं होतं. मग तिचं लक्ष सासूच्या बोटांकडे गेलं. कातडी सोलवटून निघाली होती. तिने फोन खाली ठेवला आणि आधी खोबरेल तेल आणलं.

पुन्हा फोन लावल्यावर मिस्त्रीने उपाय सांगितला. संडासाचं पाणी काही दिवस दुसऱ्या खड्ड्यात वळवायचं, टाकी निम्मी उपसायची आणि चालू टाकीतली ताजी स्लरी, म्हणजे आंबलेला शेणकाला, आत घालायची. "दुधाला विरजण लावता ना, तसंच." जवळपास चालू टाकी एकच होती, मारुतरावांची.

"मी जाते," साळूबाई म्हणाल्या. "माझं मीच निस्तरीन."

शितल त्यांच्यामागे निघाली. मारुतराव गोठ्यात वैरण टाकत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी वयनी, माझ्या गाईंचं शेण तुमच्या संडासाच्या टाकीत."

"व्हय."

"आन् त्याच्यावर पाव्हणे मासवडी खाणार."

"तुम्हीबी या की खायला."

"मी न्हाई." ते थोडा वेळ गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "किती लागंल?"

"मिस्त्री धा-बारा पिंपं म्हणतोय."

"आन् ते काय डोक्यावर नेताय? ट्रॅक्टर काढतो. शितल, तू म्होरं जाऊन टाकी उपसायला लाव."

तीन खेपा झाल्या. इतके दिवस बांध न ओलांडलेला माणूस त्या दुपारी कोपरापर्यंत शेणाने माखून तिच्या टाकीत पिंपं ओतत होता. काम उरकल्यावर त्यांनी विहिरीवर हातपाय धुतले. शितलने चहाचं विचारलं, तर "नको" म्हणून ट्रॅक्टरवर बसले.

मग वाट बघणं. चूल पेटली, भांडी काळी झाली. दहाव्या दिवशी टाकीवरचा लोखंडी ड्रम वर आला. शितलने धावत जाऊन शेगडीला काडी लावली, ती फुस्स करून विझली. मिस्त्री म्हणाला, पहिला गॅस कच्चा, तो सोडून द्या. सत्यजीतचा धीर सुटला.

"सिलिंडर आणून मागं ठेवतो. कुणाला कळणारे?"

"मला कळेल ना," शितल म्हणाली. "नाहीच पेटला, तर चुलीवर रांधेन आणि खरं काय ते सांगेन."

पाहुणे यायच्या आदल्या सकाळी साळूबाईंनी काडी ओढली. ज्योत आधी पिवळी फडफडली, मग निळी होऊन स्थिरावली. साळूबाईंनी ओढ्यापलीकडे, मारुतरावांच्या वस्तीकडे तोंड केलं आणि हात जोडले. शितलनेही जोडले. तिचे डोळे भरून आले होते.

पाहुण्यांना टाकी दाखवताना शितल शेणपाण्याचं माप सांगत होती, तेवढ्यात साळूबाईंनी त्या दोन बाटल्या मधोमध आणून ठेवल्या.

"ह्ये तेवढं घालू नका. मी घातलं, तर सुनंला पंधरा रोज जेवण ग्वाड लागलं न्हाई."

सगळे हसले. मग पुढचा तासभर त्यांनी सुनेला सोडून सासूलाच प्रश्न विचारले. जाताना म्हणाले, आमच्या मिटिंगला तुम्ही दोघी या, बाटल्या घेऊन.

गाडी गेली आणि मारुतराव आले. बांधावर थांबले नाहीत, सरळ पडवीत येऊन बसले.

"विरजण लागलं म्हणं."

"लागलं, आप्पा." न विचारताच शितल आत गेली आणि गॅसवर चहा ठेवला.

त्यांनी कपाकडे पाहिलं. मग चहा बशीत ओतला, फुंकर मारून प्यायला आणि रिकामी बशी पुढे केली.

"साखर कमी हाय."

शितलने दुसरं आधण ठेवलं.