तीन नंबरचा कॉम्प्रेसर

मी वायरमनच्या हाताखाली लागलो आणि बघून बघून कंट्रोल रूमच्या खुर्चीपर्यंत पोचलो. मला कुणी बोट धरून शिकवलं नाही. पिंपळगावजवळचा कारखाना, हंगामात द्राक्षं गार करायची, मग आंब्याचा गर काढायचा. खोलीत दोन कन्सोल. पहिल्यावर मी, दुसऱ्यावर चाचा. ते मालेगावचे. उमेदीची वर्षं यंत्रमागांच्या खडखडाटात गेल्यामुळे बारीक आवाज त्यांना ऐकू येत नसे. अलार्म वाजला की मशीन कुठलंही असो, तो थांबवायचं बटण मी माझ्या कन्सोलवरून दाबायचो आणि त्यांच्या खांद्यावर थाप मारून नंबर सांगायचो. चाचा उठून जायचे. नुसता तळहात ठेवून कॉम्प्रेसरचं दुखणं सांगणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. परत येऊन गार झालेला चहा उचलत म्हणायचे, "कान तुझे, पाय माझे. दोघांत मिळून एक माणूस पुरा होतो."

मग पुण्याहून एक साहेब लॅपटॉप घेऊन आले. कुठला अलार्म किती वेळा वाजतो, त्याला कुठल्या कन्सोलवरून उत्तर जातं, म्हणजे बटण दाबलं जातं, याचा अभ्यास करायचा होता. त्यासाठी प्रत्येक मशीन एका कन्सोलच्या नावावर लावायचं. स्क्रीनवर दोघांनाही पूर्वीसारखं सगळंच दिसणार होतं. वाटणी फक्त अभ्यासापुरती. पण दोनपैकी एक खुर्ची जाणार, ही बातमी कँटीनमध्ये आधीच पोचली होती.

माझ्या नावावर कटकट कमी दिसावी म्हणून मी सौद्याला बसलो. तीन नंबरचा कॉम्प्रेसर सगळ्यात भांडखोर, दिवसभर कोकलायचा.

"साहेब, तीन नंबर चाचांकडं लावा. त्यांचा हात ओळखतो तो."

बदल्यात शीतखोल्या मी घेतल्या. त्या गरीब, महिनोन्महिने तोंड उघडत नसत.

चाचा हसले. "दुभती तुला, लाथाळ मला. असू दे. तीन नंबर तसाही माझ्याच हाताखाली वाढलाय."

महिनाभर मी खुशीत होतो. अलार्म वाजला की सवयीनं बटण दाबत होतो, तीन नंबरचंही. त्या प्रत्येक वेळी माझ्या कन्सोलची नोंद पडत होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

साहेबांनी कागद पुढं सरकवला. "दुसऱ्या कन्सोलच्या जवळपास सगळ्या अलार्मना उत्तर पहिल्यावरून गेलंय. मग दुसऱ्यावर माणूस कशाला?"

माझं डोकं फिरलं. "आणि मशीनपर्यंत चालत कोण गेलं, ते कुठं आहे या कागदात?"

"ते सिस्टिममध्ये येत नाही."

मी टेबलावर हात आपटला, नको ते बोललो. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही. माणसाचं चालणं ज्यात येत नाही, तो कसला अभ्यास? पण तीन नंबर चाचांच्या गळ्यात मीच घातला होता, हेही खरं.

चाचांना पॅकहाउसला पाठवलं, पेट्या मोजायला. जाताना त्यांनीच माझ्या खांद्यावर थाप मारली. "शेठ, सौदा तुझा पक्का होता. बटण तेवढं जास्त दाबलंस."

दुसऱ्या दिवशी तीन नंबर वाजला. मी बटण दाबलं आणि शेजारी हात टाकला. खुर्ची काढून नेली होती. मग मीच उठून गेलो, चाचांसारखा कॉम्प्रेसरवर तळहात ठेवला आणि बराच वेळ उभा राहिलो. गरम लागला, थरथरत होता. त्यापलीकडं मला काही कळलं नाही.