गालाची जागा

डुकरांनी माझी रताळी पुन्हा उकरली, त्या संतापातच मी गावातल्या म्हाताऱ्या दाजींची शिकारीची जुनी रायफल बघायला गेलो. परवाना मिळालेला होता. दाजी ती विकणार होते; मी फक्त हो म्हणायचं होतं. लाकडी दस्त्यावर एके ठिकाणी पॉलिश उडून लाकूड गुळगुळीत झालं होतं.

"तिथं माझा गाल टेकायचा," दाजी कौतुकानं म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. लेकराच्या कपाळाला टेकवायचा गाल हा माणूस जन्मभर असल्या लाकडावर घासत बसला, आणि वर मिरवतोय!

"रिकामी आहे. धरून तर बघा."

रागारागानंच मी ती खांद्याला लावली. गाल त्या जागेवर असा बसला, जणू ती माझ्यासाठीच झिजवून ठेवली होती. समोर अंगणात दाजींची मांजर पिलाला चाटत होती. नेम तिच्यावर कधी स्थिरावला, बोट चापावर कधी गेलं, मला कळलंही नाही. राग डुकरांवरचा होता; पण त्या बोटाला आता कुणीही चाललं असतं.

मी रायफल दाजींच्या पुढ्यात आदळली.

"का हो? बसली नाही गालाला?"

"बसली," मी ओरडलो, "म्हणूनच नको!"