सत्तराव्या अक्षरानंतर

पहिल्याच दिवशी वैशाली ताकसांडेने मला विचारले, "सर, 'फवारणी' या शब्दात अक्षरं किती?"

मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेला माणूस. "चार," मी म्हणालो.

तिने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. तेथे सहाचा आकडा होता.

"हे यंत्र अडाणी आहे."

"अडाणी नाई जी, हिशेबी हाये. काना येगळा मोजते, वेलांटी येगळी मोजते. आता तुमचं आन् त्याचं पटलं पायजे. नाई पटलं तर आपल्या दोघायची नोकरी गेली समजा."

यवतमाळात बियाण्याच्या एका दुकानावर दोन खोल्यांत आमचे कार्यालय होते. शेतकऱ्यांच्या मोबाइलवर सल्ल्याचे संदेश पाठवणारी ती खासगी कंपनी. मुख्यालय दूरच्या शहरात. ते बोंडअळीचे वर्ष होते. बोंडे फुटण्याआधीच आतून पोखरली जात होती, आणि डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत माणसे पाठीवर पंप घेऊन उतरत होती. संदेशांची मराठी तपासणे हे निवृत्तीनंतर मी पत्करलेले काम. नेरपासून मारेगावपर्यंतच्या गावांना ते संगणकातून सोडणे हे वैशालीचे. मोबाइलच्या एका संदेशात देवनागरीची सत्तरच अक्षरे मावत, आणि तीही यंत्राच्या मोजणीने.

ती मारेगावजवळच्या एका खेड्यातली, बौद्ध कुटुंबातली, पंचविशीची मुलगी. काटक, आणि आवाजाने दणकट. संगणकाची पदवी तिने यवतमाळात घेतली होती. भाषा मात्र गावाचीच ठेवली होती आणि ती कोणासाठीही बदलत नसे. तिचे बोलणे कोणी मध्येच तोडले, तर ती त्याचे संपू देई आणि आपले वाक्य पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू करी. जिन्यातल्या बंद दिव्यावरून दुकानमालकाशी तिचे बोलणे झाले, तेव्हा एकच वाक्य तिने किती वेळा सुरू केले ते मी मोजले नाही. शेवटी ते पूर्ण झाले, आणि संध्याकाळी दिवा लागला. जेवताना माझ्या डब्यात ती न विचारता ठेचा घालत असे. "खा सर. मास्तर लोकायचं पोट शुद्धलेखनानं नाई भरत."

मजकुरातून हवा तेवढाच भाग कसा काढायचा, हे तिने मला शिकवले. मला त्याची गरज नव्हती. पण आपण जे करतो ते शेजारच्या माणसाला कळलेच पाहिजे, असा तिचा हट्ट होता. संदेशाला एक नाव द्यायचे. नावापुढे चौकटी कंस. कंसात शून्य, मग दोन टिंबे, मग सत्तर. त्या दोन टिंबांना ती माझ्यासाठी विसर्ग म्हणे. एवढे लिहिले की पहिली सत्तर अक्षरे बाजूला निघत.

"शून्यापासून का? मोजणी एकापासून असते."

"यवतमाळच्या स्टँडवर एसटी उभी हाये, सर. किती किलोमीटर गेली?"

"अजून सुटलीच नाही."

"मंग? शून्यच ना! पहिलं अक्षर स्टँडवर उभं हाये."

आणि उरलेला भाग हवा असेल तर? आधी सत्तर, मग विसर्ग, आणि पुढे काहीच नाही. "पुढं काई लिहू नका. जागा खाली ठेवली की मशीन शेवटापर्यंत जाते." काहीही न लिहिण्याचा अर्थ शेवटपर्यंत असा होतो, हे मला कोणत्याही व्याकरणात आढळले नव्हते.

तिचा थोरला भाऊ देवानंद गावातच मजुरीवर फवारणी करीत असे. "आमच्या घरी वावर नाई, सर. पंप हाये," ती सांगे. रोज संध्याकाळी ती शेजारणीच्या मोबाइलवर त्याला फोन लावी आणि अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशी उलटतपासणी घेई. "दादा, तोंडाले रुमाल बांधला होता का? आंघोळ केली का? खोटं नोको बोलू, माय बाजूले बसली हाये, तिले इचारतो मी." पलीकडून हसण्याचा आवाज येई. फोन ठेवल्यावर ती एकदा म्हणाली, "मेसेज कोणाले जाते? मालकाले. औषध कोणाच्या अंगावर पडते? दादाच्या. मालकानं पुरं वाचलं तरच दादा वाचते." ती हे विनोदाने म्हणाली नव्हती.

तोवर लांब संदेश दोन तुकड्यांत जात असत. पिकाच्या ऐन भरात मुख्यालयाने नियम बदलला. यापुढे पहिला तुकडाच जाईल. सत्तरानंतरचे गाळले जाईल. वैशालीने मुख्यालयातल्या प्रमुखांना फोन लावला आणि मलाही ऐकू यावे म्हणून तो टेबलावर उघडा ठेवला.

"मोबाइलवर लांब कोणी वाचत नाही," प्रमुख म्हणाले. "सगळ्या भाषांना हाच नियम आहे."

"साहेब, मराठीत 'नाही' शेवटी येते. तुमी आमाले 'नाही' म्हणूच देऊन नाई राह्यले."

"इंग्रजीत हा प्रश्न येत नाही."

"मंग कपाशी बी तिकडंच लावा."

फोन बंद झाला. तिने दोन दिवसांत नवी आज्ञावली लिहिली. ती सत्तराव्या अक्षरावर न तोडता मागे वळून पूर्णविराम शोधी, तेथे थांबे, आणि उरलेला मजकूर दुसऱ्या संदेशात नेई. तिने ती मुख्यालयाला पाठवली. उत्तर आले: सध्या आवश्यकता नाही.

मग आम्ही वाक्ये आखडली, नकार पुढे ओढले. 'करू नका'चे 'नका करू' झाले. ते कानाला खटके. पण आमच्या हातून गेलेल्या एकाही संदेशातला नकार कापला गेला नाही. एके दिवशी मात्र मुख्यालयातील तज्ज्ञांनी सकाळीच एक संदेश परस्पर सोडला. तो आम्ही पाहिला, तो आमच्या स्वतःच्या मोबाइलवर:

'बोंडअळी लवकर आटोक्यात येण्यासाठी दोन कीटकनाशके एकत्र मिसळून फवारावीत,'

मूळ संदेश संगणकात पूर्ण होता. स्वल्पविरामानंतर तेथे चार शब्द होते: 'हा समज घातक आहे.' वाक्यात दोष नव्हता. मराठी माणूस असेच बोलतो. आधी दुसऱ्याचे म्हणणे मांडतो, मग ते खोडतो. येथे खोडणे तेवढे कापले गेले आणि उरला तो हुकूम. जिल्हाभर हुकूम गेला की विष विषात कालवा.

वैशालीने प्रमुखांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. पुन्हा लावला. मग ती संगणकासमोर बसली. चौकटी कंस, सत्तर, विसर्ग, पुढे रिकामी जागा. पडद्यावर ते चार शब्द निघाले.

"परवानगी?" मी विचारले.

"परवानगी येईपर्यंत लोक पंप भरतीन, सर. आन् शब्द बी त्यायचेच हायेत, मंजूर झालेले."

तिने ते चार शब्द सर्व गावांना सोडले. थोड्याच वेळात फोन सुरू झाले. कळंबकडचे एक गृहस्थ चिडून विचारत होते, "कोणता समज हो मॅडम? आमाले येडं समजता का?" ती सगळ्यांना एकच सांगत होती, "सकाळचा मेसेज काढा, काका. त्याच्या शेपटीले हा जोडा. आता वाचा." तिचा घसा बसला. भावाकडे मोबाइल नव्हता. तो ज्यांच्या शेतात फवारत होता, त्या भाऊरावांचा लागत नव्हता. तिने गावातल्या त्या शेजारणीला फोन करून शेताकडे धाडले.

शेजारीण पोहोचली तेव्हा देवानंद शेताच्या बांधावर पडलेला होता. तोंडाला फेस होता. त्याला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात आणले. तो जगला. नजर गेली. उजेड कोणत्या बाजूला आहे एवढे त्याला कळते. त्यापुढे काही नाही.

तो खाटेवर असतानाच प्रमुख मोटारीने यवतमाळला आले. मला वाटले, विचारपूस करतील. त्यांनी वैशालीपुढे एक कागद ठेवला. अधिकार नसताना अर्धवट संदेश प्रसारित केल्याबद्दल तिला कामावरून कमी करण्यात येत होते.

"अर्धवट संदेश कोणता?" मी विचारले. "सकाळचा की नंतरचा?"

"गुरुजी, आपण भाषा पाहता. तेवढीच पाहा."

मग ते तिच्याकडे वळून म्हणाले, "आणि तुमच्या त्या संदेशाचा उपयोग तरी काय झाला? तुमचा स्वतःचा भाऊसुद्धा..."

या वेळी वाक्य त्यांनीच अर्धे सोडले. वैशाली उठली, डबा उचलला आणि जिना उतरून गेली. मी तिच्या मागोमाग उतरलो, आणि पुन्हा तो जिना चढलो नाही. मी वर्गात अनेक उर्मट मुले पाहिली, त्यांना क्षमाही केली. या माणसाला केलेली नाही. त्याला मराठी येत नव्हती असे नाही. तो वर्धेकडचाच होता.

आम्ही सरळ दवाखान्यात गेलो. देवानंदाने आवाजावरून बहिणीला ओळखले. नोकरी गेल्याचे तिने सांगितले, आणि प्रमुख जे म्हणाले तेही सांगितले. त्याने तोंड बहिणीच्या आवाजाकडे वळवले.

"वैशू, तुहा मेसेज आला होता."

"कोणाले?"

"मालकाले. तवा फोनले रेंज आलती. औषध कालवून झालतं, पंप पाठीवर घ्याचाच होता. फोन वाजला, मालकानं वाचला. म्या म्हटलं काय आलं जी? तं म्हणे, काई नाई, कंपनीची जाहिरात हाये. कालवलेलं वाया नोको जाऊ देऊ, चाल."

वैशालीने त्याच्या पायांवरची चादर नीट केली, आणि ती नीट असतानाही पुन्हा केली.

देवानंदाला घरी नेले तेव्हा मी सोबत होतो. कपाशीची वेचणी सुरू झाली होती. गावात एसटीतून उतरल्यावर त्याची आई घराकडे वळली. वैशालीने मात्र भावाचा हात धरून भाऊरावांच्या घराची वाट धरली. भाऊराव ओट्यावर बसले होते. समोर कापसाचा ढीग होता आणि वेचून आलेल्या बाया ओटी रिकामी करीत होत्या.

"ये वं वैशाली. मास्तरायलेबी आणलं? चहा मांडाले सांगतो."

"चहा नाई पायजे, काका. मोबाइल द्या."

"काहून? तुहा बिघडला का?"

तिने हात पुढेच ठेवला. त्यांनी मोबाइल दिला. तिने तो दिवस शोधून काढला आणि मोबाइल त्यांच्याच हातात परत ठेवला.

"वाचा."

भाऊरावांनी डोळे बारीक केले. "बोंडअळी लवकर आटोक्यात येण्यासाठी दोन कीटकनाशके एकत्र मिसळून फवारावीत. हे पाय, तुहीच कंपनी सांगून राह्यली. म्या काय मनानं केलं का?"

"त्याच्या खालचा."

"थे तं जाहिरात..."

"वाचा, काका."

बायांचे हात थांबले. एकीने पदराने तोंड पुसले. भाऊरावांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मी नजर हलवली नाही. देवानंद ओट्याच्या पायरीशी उभा होता, आवाज येत होता तिकडे कान करून.

भाऊरावांचे ओठ हलले. चार शब्द होते. ते त्यांनी मनातल्या मनात वाचले.

"मोठ्यानं वाचा, काका," वैशाली म्हणाली. "दादाले दिसत नाई. आयकू येते."