घेणाऱ्याचा माणूस

डोमाजीभाऊंना घराला नावं ठेवताच येत नसत. भिंत फुगलेली असली की ते म्हणत, "भरदार हाये." छपरावरच्या कवेलूंच्या फटींतून ऊन खाली येत असलं की म्हणत, "उजेड पाहा बाई, दिवसा दिवा लावाचं काम नाई." आरमोरीत घरांची दलाली करण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. बोलण्याआधी ते भिंतीवर पंजा ठेवत, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. धोतर मळकं, पण कानात अत्तराचा फाया रोज ताजा.

मी नागपूरहून तिथल्या मुलींच्या शाळेत शिकवायला गेले होते. आई सोबत होती. तीन वर्षं भाड्याच्या खोलीत बरी गेली. मग मालकांच्या मुलाचं लग्न ठरलं आणि दिवाळीपर्यंत जागा सोडा, असा निरोप आला. आई जन्मभर भाड्याच्या घरांत राहिलेली. ती म्हणाली, "आता पुन्हा दुसऱ्याचं दार नको. एकदा तरी स्वतःच्या दारात रांगोळी काढू दे मला." तिच्या पाटल्या आणि माझी शिल्लक एवढ्या बळावर आम्ही घर शोधायला निघालो.

नेमकी त्याच वर्षी दलालीची रीत बदलली होती. तोवर दलाली विकणारा देई. घेणाऱ्यानं दलालाच्या हातावर नारळ ठेवला की झालं. साहजिकच दलाल विकणाऱ्याच्या बाजूनं बोले. पण दवाखान्यातल्या कंपाउंडरनं घेतलेल्या घराची मागची भिंत वर्षाच्या आत बसली. कुणाला लागलं नाही, पण ती भिंत 'भरदार' म्हणणारे डोमाजीभाऊच होते. त्यांनी बाजारातल्या सगळ्या दलालांना बसवलं आणि ठरवून घेतलं, की यापुढं घेणाऱ्यानं आपला माणूस करावा आणि व्यवहार झाल्यावर त्याची दलाली त्यानंच द्यावी. विकणाऱ्याचा माणूस वेगळा. दोन्हीकडून कुणी घ्यायची नाही.

गावाला हे चमत्कारिक वाटलं. मलाही वाटलं. नारळात भागत होतं तिथं पैसे मोजा!

"काऊन द्याचे, म्हनता ना बाई?" डोमाजीभाऊ म्हणाले. "पैसे त्याचे घेतले तं तोंड बी त्याचंच होते. आता मी तुमचा मानूस."

माझा माणूस पहिल्याच घरात पंजा ठेवून सुरू झाला, "भिंत पाहा बाई, कशी गार..." आणि पंजा मागं घेतला. मग ओशाळून म्हणाला, "गार नाई, वल्ली हाये. राहू द्या." दुसऱ्या घरात त्यांनी वाळवी लागलेल्या तुळईची तारीफ निम्म्यापर्यंत नेली आणि स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. आई पदराआड हसत होती. मी मात्र वर्गात चुकणाऱ्या मुलीकडं पाहावं तशी त्यांच्याकडं पाही. आज त्याची लाज वाटते.

तिसरं घर नामदेवरावांचं. शाळेपासून पाच मिनिटांवर, अंगणात गोड्या पाण्याची विहीर, चार खोल्या, सागवानी दारं. आईनं उंबरठ्यावर उभं राहून जागा डोळ्यांनी मोजली, तेव्हाच माझं ठरलं. डोमाजीभाऊंनी सगळं घर पाहिलं. "घरात खोट नाई," म्हणाले आणि मागच्या अंगणात गेले, ते बराच वेळ आलेच नाहीत.

इसाराच्या दिवशी नामदेवराव, त्यांचा दलाल, मी, आई, सगळे ओसरीवर बसलो होतो. मी टाक उचलला आणि डोमाजीभाऊ म्हणाले, "बाई, सही नका करू."

मला वाटलं, पुन्हा जीभ घसरली.

"मांगं भागीरथीबाई हाये, नामदेवरावायची बहीन. घर दोघांच्या नावानं हाये, बापानंच करून ठेवलं. बाईचा अंगठा कागदावर हाये खरा, पन तिले सांगतलं का घरपट्टीचा कागद हाये म्हून. काल मी पुन्हा इचाराले गेलतो, तवा ती वालाचे दाने लावून राह्यली होती. मले म्हने, औंदा वेलाले मांडव मोठा घालतो."

नामदेवराव उसळले. "तुले काय करा लागते? कागद पक्का हाये! दोन्हीकडची दलाली घे अन् चूप बस!"

"मी यायचा मानूस हावो," माझ्याकडं बोट करून डोमाजीभाऊ शांतपणे म्हणाले. "उद्या ती बाई कचेरीत उभी राह्यली तं माह्या मानसाचं घर जाईन. अन् नाई उभी राह्यली, तं ती कुठी जाईन?"

मी टाक ठेवला, पण मोठ्या मनानं ठेवला असं खोटं कशाला सांगू? घरी आल्यावर मी त्यांना नाही नाही ते बोलले. आयुष्यभर पडक्या भिंती लोकांच्या गळ्यात मारल्यात आणि माझ्याच वेळी बरं शहाणपण सुचलं, असं सुनावलं. आईच्या डोळ्यांत पाणी होतं. मी रागानंच डोमाजीभाऊंपुढं पैसे धरले, तर ते म्हणाले, "घर नाई झालं बाई. दलाली कायची?"

महिनाभर मी त्यांचं तोंड पाहिलं नाही. दसरा गेला. मग एका दुपारी शाळेच्या फाटकाशी ते उभे दिसले, आणि त्यांच्यामागं डोक्यावर पदर घट्ट ओढलेली भागीरथीबाई. गोष्ट गावभर झाल्यामुळं नामदेवरावांना गिऱ्हाईक मिळेना. शेवटी पंचांसमोर वाटणी झाली होती. विहिरीकडच्या दोन खोल्या बहिणीच्या वाट्याला आल्या होत्या.

"मले एकटीले एक पुरते," ती म्हणाली. "दुसरी तुमी घ्या ना बाई. मले सोबत होईन. सैपाकाची पडवी दोघीत."

चार खोल्यांचं स्वप्न एका खोलीवर आलं. पण दिवाळीला आईनं त्या दारात रांगोळी काढली, एवढी मोठी की पाय ठेवायला जागा उरली नाही.

दलाली द्यायला मी स्वतः त्यांच्या घरी गेले. भागीरथीबाईही काही देऊ पाहत होती, ते त्यांनी घेतलं नाही. माझे पैसे मात्र दोन्ही हातांनी घेतले आणि कपाळाला लावले. मी कशीबशी म्हणाले, "भाऊ, मी फार बोलले तुम्हांला." ते म्हणाले, "बोला लागते बाई. पैसे देनाऱ्यानं नाई बोलाचं, तं कोनं?"

पुढं ते दर पोळ्याला यायचे, आईच्या हातची पुरणपोळी खायचे. ते गेले तेव्हा आईही राहिली नव्हती. भागीरथीबाई आणि मी दोघी त्यांच्या अंगणात जाऊन बसलो. बाया रडत होत्या. भागीरथीबाई रडत नव्हती. माझ्याकडं न बघता तिनं हळूच विचारलं,

"बाई, त्या दिवशी डोमाजीभाऊनं नसतं अडवलं, तं तुमी सही केली असती ना वो?"

मी तिचा हात धरला आणि 'हो' म्हणाले.

तिनं हात सोडवून घेतला नाही.