बावीसवाले मामा

लोक गाडीत बसले की आधी समोरच्या गणपतीला हात जोडतात. आमचे मामा स्टिअरिंगमागच्या इवल्याशा पडद्याकडे बघायचे. गाडी लिटरमागे किती किलोमीटर चालली, तो अ‍ॅव्हरेजचा आकडा तिथे दिसायचा. मामांची जुनी पांढरी गाडी भिवापूरला जाऊन-येऊन बावीस द्यायची. दशांश इकडचा तिकडे होई, पण बावीस काही सुटत नसे. महाल भागातल्या आमच्या गल्लीत त्यांचं नावच बावीसवाले मामा पडलं होतं आणि ते त्यांना मनापासून आवडायचं.

मामा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. कोणता ड्रायव्हर डिझेल किती पुरवून वापरतो, यावर डेपोत त्याची इज्जत ठरायची, ती आकडा मोजायची खोड निवृत्तीनंतरही गेली नाही. दर महिन्याला ते भिवापूरला मुलीकडे जात. निघताना टाकी फुल्ल करायची, बटण दाबून आकडा शून्यावर आणायचा आणि परत आल्यावर गल्लीच्या तोंडाशी बसलेल्या सगळ्यांना तो दाखवायचा. कुणाला बघायचा नसला तरी!

मला गाडी त्यांनीच शिकवली. "सिग्नल लाल दिसून राहिला ना? मंग अ‍ॅक्सिलेटर काहून दाबून राहिली वं? आता ब्रेक मारशीन, म्हणजे जाळलेलं पेट्रोल गेलं वाया." आणि मी चिडले की ठरलेलं वाक्य यायचं, "पाय रागावला की आकडा पडते." घरचा राग गाडीत आणायचा नाही, हे मला कुठल्याही पुस्तकाआधी मामांनी शिकवलं.

सत्तरी उलटल्यावर त्यांचा मुलगा विजयदादा मागे लागला. तो मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला. रोज संध्याकाळी घरी आला की, "बाबा, आता गाडी सोडा." मामा बोट आकड्याकडे करत. "हात, पाय, डोळे धड नसले तर बावीस येते काय? ज्या दिवशी हा पडन, त्या दिवशी चावी तुह्या हातात." वर्षभर हा वाद चालला आणि दरवेळी मामाच जिंकले.

मग एका महिन्यात आकडा अठरावर आला. मामांनी चाकांतली हवा तपासली, दुसऱ्या पंपावरून पेट्रोल भरलं, मेकॅनिककडून फिल्टर साफ करून घेतला. पुढच्या महिन्यात मी सोबत गेले. एसी बंद ठेवून आम्ही घामाघूम होत भिवापूरला जाऊन आलो. पुन्हा अठरा. मामांनी गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवली.

"गाडी ठीक आहे वं," ते म्हणाले. "मलेच समोरचं उशिरा दिसून राहिलं, म्हणून दरवेळी कचकन ब्रेक लागते. डॉक्टर मागंच म्हणे, आता चष्म्यानंही फरक नाही पडत. मी म्हटलं, आकडा तं बावीस आहे."

विजयदादा यायची वेळ झाली होती. मला राहवेना. "मामा, बटण दाबा. शून्य होईल. त्याला काय कळणार आहे?"

ते माझ्याकडे बघून हसले. "आकडा माह्या बाजूनं बोलत होता तोवर साऱ्या गल्लीले दाखवला. आता उलटा बोलला तं त्याचं तोंड दाबू काय?"

मला माझीच लाज वाटली. इतका सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही.

विजयदादा दुचाकीवरून उतरला, तोच मामांनी चावी त्याच्या हातात ठेवली. "अठरा," एवढंच म्हणाले. वर्षभर त्या चावीसाठी भांडलेला विजयदादा तिच्याकडे बघतच राहिला.

"राहू द्या, बाबा. अजून एखादा महिना चालवा."

"नाही गा. तू चालव. मले बाजूले बसवून भिवापूरले नेत जा, बस."

आणि मामा गाडीला वळसा घालून पलीकडे गेले, डावीकडच्या सीटवर बसले, पट्टा लावला. विजयदादा कसाबसा स्टिअरिंगवर बसला. त्याचे डोळे भरले होते, चावी खाचेत जात नव्हती.

"आधी डोळे पुस," मामा म्हणाले. "समोरचं साफ दिसलं पाह्यजे गा."