सतरा नंबरचं ठिगळ

ऑफिसात सगळे त्यांना ठिगळेबुवा म्हणत, अर्थात पाठीमागे. रुग्णाच्या उशाशी ठेवायची घंटा ही कंपनी बनवायची; बटण दाबलं की नर्सच्या टेबलावर ती वाजते. घंटेतल्या नखाएवढ्या संगणकाचा गाभा, म्हणजे कर्नल, जगभरचे लोक मिळून लिहितात आणि रोज बदलतात. तो या घंटेला जसाच्या तसा बसत नसे. म्हणून बुवा त्यावर एकतीस पॅच, म्हणजे दुरुस्तीची ठिगळं, लावत. दर सोमवारी ताजा कर्नल उतरवायचा, ठिगळं एकेक करून चढवायची, जे उसवेल ते पुन्हा शिवायचं. सात वर्षं हेच.

हेच पॅच कर्नलवाल्यांकडे पाठवले असते, तर त्यांनी ते आपल्यातच सामावून घेतले असते आणि ही कटकट कायमची मिटली असती. पण बुवा इतके भोळे नव्हते. ठिगळं हातात आहेत तोवर खुर्ची बुडाखाली आहे, एवढं त्यांना पक्कं कळत होतं. "त्या रिकामटेकड्यांना काय कळतंय?" म्हणत ते कर्नलसंबंधीच्या मेल न वाचताच उडवत. घरी बायको म्हणायची, "अहो, कधीतरी रजा घ्या."

"मी नसलो तर घंटा वाजायची नाही," बुवा छाती फुगवून सांगत.

एका मोठ्या इस्पितळाची माणसं घंटा बघायला येणार होती. हे गिऱ्हाईक गेलं तर विभागच बंद, असं मॅनेजरने बजावलं होतं. त्या सकाळी बुवांनी ताजा कर्नल घेतला. एकतीसही पॅच कुरकुर न करता चढले. चाचणी विभागातल्या बाई म्हणाल्या, "सर, एकदा बटण दाबून बघू या का?"

"बाई, माझं काम तपासणारा अजून जन्माला यायचाय."

पाहुणे बसले. मॅनेजरने घंटा सुरू केली आणि कोणी हात न लावताच ती कोकलायला लागली. त्याने घाबरून बटण दाबलं. गप्प! सोडलं, पुन्हा बोंब.

"म्हणजे पेशंटने दिवसभर बटण दाबून बसायचं का?" इस्पितळाच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

बुवांनी भिंतीवरच्या पडद्याला जोडलेला लॅपटॉप ओढला. बटणाचा इशारा मुळात उलटा यायचा, तो सतरा नंबरचा पॅच सुलटा करायचा. आता नव्या कर्नलमध्ये कोणीतरी तो आधीच सुलटा करून ठेवला होता. बुवांच्या पॅचने इमानेइतबारे तो पुन्हा उलटा केला होता.

"कुठल्या गाढवाने हे कर्नलमध्ये घुसवलंय?" बुवा पाहुण्यांदेखत ओरडले.

"पाठवलं मी, मॅनेजरसाहेबांना विचारून," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्हालाही मेल केली होती. काम तुमचं, म्हणून नाव तुमचंच घातलंय."

पडद्यावर, बदल करणाऱ्याच्या जागी, बुवांचं अख्खं नाव होतं. खोलीतल्या सगळ्यांनी ते वाचलं. डॉक्टरीणबाईंनी तर मोठ्यानं वाचलं.

पाहुण्यांचा चहा होईपर्यंत बुवांनी सतरा नंबर काढून टाकला. बटण दाबलं की घंटा वाजू लागली, सोडलं की थांबू लागली. पाहुणे पन्नास घंटा सांगून गेले.

"उरलेले तीसही पाठवू का, सर?" बाईंनी विचारलं.

बुवांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"पाठवा," ते म्हणाले. "पण नाव माझंच घालाल ना?"