लंकाबाई लंकेत हरवल्या

घोडेगावात लंकाबाईंना ओळखत नाही असं माणूस सापडायचं नाही. जनावरांच्या बाजारादिवशी त्या घासाच्या पेंढ्या घेऊन वेशीजवळ बसत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी चार शब्द बोलल्याशिवाय त्यांचा माल खपत नसे. त्यांचं नाव लंका का ठेवलं, हे त्यांच्या आईलाही कधी सांगता आलं नव्हतं. पण पंच्याण्णव साली लेकानं कोलंबोला बोलावलं आणि साऱ्या बाजाराला चेष्टेला विषय मिळाला. "लंकाबाई लंकेला चालली," असं जो तो म्हणे. त्याही मागं हटायच्या नाहीत. "मंग काय, म्हायेरालाच चालले म्हना की," म्हणायच्या.

लेक महेंद्र कोलंबोत एका कापड कारखान्यात मशिनी सांभाळायचा. त्या वर्षाच्या सुरुवातीला तिथली लढाई थांबली होती, रस्ते मोकळे झाले होते, म्हणून त्यानं घाई केली. त्याची बायको भारती औरंगाबादची, शिकलेली, मोजकं बोलणारी. लग्न होताच ती नवऱ्याबरोबर तिकडं गेली, त्यामुळं सासू-सुनेची गाठ अशी पडलीच नव्हती.

नगरकडं तेव्हा कडाक्याची थंडी. लंकाबाईंचे मालक रंभाजी, साखर कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले, कानटोपी आणि स्वेटर घालून विमानात बसले आणि तसेच कोलंबोत उतरले. बाहेर उकाडा असा की महेंद्र पाया पडून उठेतो त्याच्या आप्पांच्या कानटोपीतून घाम गळायला लागला.

पहिले काही दिवस मजेत गेले. समुद्र पाहिला, नारळपाणी प्यालं. पण दोन्ही वेळेला भात आणि खोबऱ्याची कालवणं खाऊन रंभाजी वैतागले. "भाकर न्हाई तर जेवन कसलं?" असं ते ताटावर बसून पुटपुटायला लागले. लंकाबाईंनी पिशवीतून बाजरीचं पीठ काढलं, भारती बाजारात गेली होती ती संधी साधली आणि तिच्या चकचकीत काळ्या तव्यावर भाकरी टाकल्या. उलथण्यानं उलटल्या तर काळे पापुद्रे सुटले. त्यांना वाटलं, पोरीनं तवा नीट घासलेला दिसत नाही, काजळी धरलीय. जेवणं झाल्यावर त्यांनी तारेची घासणी घेतली आणि तवा पार पांढरा करून टाकला.

भारतीनं परत आल्यावर तो पाहिला. तशीच आत गेली. महेंद्र हसत म्हणाला, "आई, तो नॉनस्टिकचा होता. काळा असतोच तो. तिच्या बहिणीनं लग्नात दिलेला."

लंकाबाईंचा चेहरा पडला. त्या दारापाशी जाऊन म्हणाल्या, "पोरी, मला काय ठावं. मला वाटलं लई मळलाय."

"असू द्या, आई," भारती म्हणाली. पण त्या 'असू द्या'त काही दम नव्हता.

मग भाड्याची गाडी करून सगळे कँडीला निघाले. डोंगरातली वळणं सुरू झाली आणि लंकाबाईंच्या पोटात ढवळायला लागलं. गाडी थांबवावी लागली, एकदा नव्हे, सारखी. रस्त्याच्या कडेला त्या ओणवल्या की भारती पदर सावरून धरी, कपाळाला हात लावी, चूळ भरायला पाणी देई. रंभाजी गाडीतूनच म्हणाले, "म्हायेरचं पानी मानवंना जनू." त्यावर भारती पहिल्यांदा मोकळेपणानं हसली आणि तोंड पुसता पुसता लंकाबाईही.

कँडीहून अनुराधपूरला पोचले तेव्हा पौर्णिमा होती. तिथल्या बोधिवृक्षाबद्दल लंकाबाईंनी आपल्या विहारात कितीदा ऐकलं होतं. महेंद्रनं सगळ्यांना पांढरे कपडे घालायला सांगितलं. त्याही आपली धम्मपरिषदेची पांढरी साडी नेसल्या. पण तिथं पाहतात तो हजारो माणसं, सगळीच पांढऱ्या कपड्यांत. हातात कमळं घेऊन पांढरा लोंढाच्या लोंढा झाडाकडं निघालेला. त्या लोंढ्यात लंकाबाई कधी पुढं गेल्या, ते त्यांनाही कळलं नाही. मागं वळल्या तर आपलं कुणीच नाही.

भाषा येईना. एका पोलिसाला त्या म्हणाल्या, "माझा लेक महेंद्र, उंच हाय, चष्मा हाय." तो हसून मान हलवून पुढं गेला. शेवटी त्या झाडाच्या कठड्याजवळ वाळूत बसल्या. शेजारी बायकांचा एक घोळका बसला होता. त्यातल्या म्हातारीनं हात जोडले आणि त्या सगळ्या एका सुरात म्हणायला लागल्या. लंकाबाई चमकल्या. चाल निराळी, उच्चार निराळे, पण शब्द ओळखीचे. घोडेगावच्या विहारात दर पौर्णिमेला म्हणतात तेच त्रिशरण, तेच पंचशील.

डोळ्यांतलं पाणी न पुसताच लंकाबाईंनी आवाज लावला. बायका वळून बघायला लागल्या. शेवटी सगळ्यांबरोबर त्यांनीही "सादू, सादू, सादू" म्हटलं. 'साधू' असं म्हणावं म्हणून महेंद्र त्यांना नेहमी टोकायचा, पण इथं सगळ्या जणी त्यांच्यासारखंच म्हणत होत्या. म्हातारीनं त्यांचा हात हातात घेतला. कुठून आलात, असं ती विचारत असावी. लंकाबाई म्हणाल्या, "घोडेगाव." म्हातारीनं भाताचं पुडकं सोडलं आणि अर्धं त्यांच्यापुढं ठेवलं.

महेंद्रला त्या सापडल्या तेव्हा मिटक्या मारत भात खात होत्या. तो धावून धावून लालबुंद झाला होता.

"हात सोडू नको म्हणून सांगितलं होतं ना? आप्पांचा तिकडं जीव टांगणीला लागलाय. आणि तू इथं जेवतीस?" चारचौघींत तो ओरडला. लंकाबाईंनी पुडकं खाली ठेवलं. कधी कुणाचं ऐकून न घेणारी बाई मान खाली घालून बसली.

तोच भारती मधे आली. "त्यांना कशाला बोलता? हात मी सोडला. फोटो काढायला थांबले होते." मग ती खाली वाळूत सासूच्या मांडीला मांडी लावून बसली. "आई, तुमी जेवा. सावकाश जेवा."

महेंद्रही मग त्यांच्याशेजारी बसला. रंभाजी धापा टाकत आले, बायकोकडं बघितलं आणि एवढंच म्हणाले, "भात बरा हाय का?"

"चाकून बघा," लंकाबाई म्हणाल्या. त्यांनी पहिला घास सुनेला दिला. म्हातारीनं आणखी एक पुडकं सोडलं, आणि ऊन कलेपर्यंत ती सगळी माणसं त्या झाडाखाली बसून राहिली.

परत आल्यावर विहारातल्या बायकांनी त्यांना प्रवासाचं सांगायला उभं केलं. लंकाबाईंनी सुरुवात केली ती तव्यापासून. मग ओकाऱ्या, मग हरवणं, सगळं रंगवून. बायका हसून हसून बेजार झाल्या. झाडापाशी आल्यावर मात्र त्यांचा आवाज खाली आला. "तिथं माजी भाषा कुनाला येत नव्हती," त्या म्हणाल्या, "तरी मी समद्यांसंगं बोलून आले."